कुलूपरावांचं स्मृती प्रतिष्ठान

माझे भावोजी बिअर करायचे, आणि ती कशी करतात हे कुणाला कळू नये म्हणून त्याहून जास्त कष्ट घ्यायचे. कारखाना म्हणजे गॅरेजएवढी जागा. बाहेरच्या दाराला कुलूप, आतल्या दाराला कुलूप, माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाच्या, पिंपालाही कुलूप. टाकीवरच्या तापमापकाचं तोंड त्यांनी भिंतीकडे फिरवून ठेवलं होतं. स्वतःला वाचायचं असलं की टाकी आणि भिंत यांच्यामध्ये अंग चोरून शिरायचे आणि पोट घासत बाहेर यायचे. कुठल्याही डब्यावर, बरणीवर चिठ्ठी म्हणून नाही. चोरालाही वाचता येतं, असं त्यांचं म्हणणं. धंद्यातले लोक त्यांना कुलूपराव म्हणायचे आणि भावोजींना तो सन्मान वाटायचा.

ते गेले, आणि वर्षाच्या आत त्यांच्या नावाने स्मृती प्रतिष्ठान निघालं. उद्देश दोन: नव्या बिअरवाल्यांना शिक्षण देणं आणि धंद्यातला बंधुभाव वाढवणं. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात कुणाला भांडं कसं विसळायचं हेसुद्धा सांगितलं नाही, त्याच्या नावाने शाळा! ज्याने शेजारच्या बिअरवाल्याला कधी चहा विचारला नाही, त्याच्या नावाने बंधुभाव! मला वाटलं, मेलेल्या माणसावर सूड उगवायची ही सभ्य रीत असावी.

ताईला मात्र भरून आलं. ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, पडदे शिवते. लोकांच्या खिडक्या झाकण्यात तिचं आयुष्य गेलं आणि नवऱ्याचं स्वतःला झाकण्यात, त्यामुळे संसार तसा जुळलेला होता. कारखान्यात तिलाही मज्जाव. पण भावोजींनी अंथरूण धरलं तेव्हा त्यांनी तिच्या हाती एक बरणी दिली आणि म्हणाले, "हिला उपाशी ठेवू नकोस. आणि कुणाला देऊ नकोस."

बरणीत त्यांचं यीस्ट होतं. यीस्ट म्हणजे बिअरचं विरजण म्हणा. दिसायला चिखल, पण जिवंत. कारखाना विकला, टाक्या गेल्या, बरणी फ्रिजमध्ये दुधाशेजारी राहिली. ताई माल्टचं पाणी उकळून, निववून तिला पाजायची, मग झाकण उघडून वास घ्यायची. भावोजींच्या शर्टांना हाच वास यायचा. मी एकदा म्हटलं, "या गाळाला किती दिवस पोसणार आहेस?"

"घरात जिवंत असं आता हेच राहिलंय," ती म्हणाली. "तू आहेस म्हणा. पण तू येतेस आणि बोलत बसतेस."

प्रतिष्ठानचे अध्यक्ष एक दिवस घरी आले. हे मिशीवाले गृहस्थ भावोजींचे एक नंबरचे प्रतिस्पर्धी. खुर्चीत अवघडून बसत म्हणाले, "वहिनी, उद्घाटनाला सगळ्यांनी मिळून साहेबांची बिअर करायची असं ठरलंय. त्यांच्याच यीस्टने. तुमच्याकडे असेल तर."

ताईची झोप उडाली. द्यावं तर नवऱ्याचा शेवटचा शब्द मोडतो; न द्यावं तर तिच्या मागे बरणीकडे बघणारं कोण? अखेर तिने द्यायचं ठरवलं. मी म्हटलं, "थोडं घरी काढून ठेव."

"द्यायचं तर पुरतं द्यावं," ती फणकारली. "हातचं राखून द्यायला मी काय तुझे भावोजी आहे?"

समारंभ प्रतिष्ठानच्या नव्या वर्गातच होता. ताईने बरणी कडेच्या टेबलावर नीट ठेवली आणि मग लोकांनी ताईला पुढच्या खुर्चीत नेऊन बसवलं. भाषणं सुरू झाली. भावोजी 'ज्ञानाचा झरा' होते हे मला तिथे प्रथम कळलं. एका वक्त्याने तर त्यांच्या 'सदैव उघड्या दाराचा' उल्लेख केला. मी खोकल्याचं निमित्त करून तोंड झाकलं.

तेवढ्या वेळात मागे विद्यार्थ्यांचा पहिला धडा चालू होता. पहिला धडा अर्थातच सफाईचा, कारण बिअरवाल्याचा देव एकच, स्वच्छता. नियम साधा: ज्यावर चिठ्ठी नाही ते मोरीत ओता आणि भांडं जंतुनाशकाने धुवा. बेकरी सोडून हा धंदा शिकायला आलेल्या एका टकल्या गृहस्थांनी नियम मनापासून पाळला. ताई बरणी आणायला गेली तेव्हा ती फडक्यावर उपडी घातलेली होती. लख्ख.

"अगदी घाण साचली होती हो आत," टकले गृहस्थ कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाले.

ताईने बरणी सुलटी केली, आत वास घेतला आणि खाली बसली. मला त्या माणसाचं टक्कल फोडावंसं वाटलं, आणि भावोजींचं तर जास्तच. एक चिठ्ठी डकवायला काय जात होतं?

मग मिशीवाले ताईच्या समोर येऊन उभे राहिले. रंगेहाथ पकडल्यासारखा चेहरा.

"वहिनी, ते मेलेलं नाही. माझ्याकडे आहे."

"तुमच्याकडे कसं येईल?"

"चोरलं. साहेब बिअर गाळून भरत नसत. बाटलीच्या तळाशी यीस्टचा गाळ राहायचा. मी बाटली आणली, वरची प्यालो आणि तळाला माल्टचं पाणी पाजून वाढवलं. कितीतरी वर्षं त्याच्यावरच धंदा चाललाय माझा."

मागून कुणीतरी घसा खाकरला. "मीही." मग आणखी एकाने हात वर केला. बघता बघता अर्ध्या खोलीचे हात वर. दाराला कुलपं, पिंपाला कुलूप, आणि भावोजी चोरवाट बाटलीत भरून दुकानात विकत होते! प्रतिष्ठान कसलं, ही तर चोरांची बैठक होती.

ताई उठली. ती हसेल असं मला वाटलं, पण ती भडकली होती.

"मग एकदा तरी बोलायचं होतंत! शेवटपर्यंत म्हणत होते, आपली बिअर कुणाला कळलीच नाही. भिंतीकडे तोंड करून म्हणायचे. एकदा येऊन सांगायचं होतंत. शिव्या घातल्या असत्या तुम्हाला, पण सुखाने गेले असते हो!"

"दार कुठे उघडायचे, वहिनी?" मिशीवाले हळूच म्हणाले.

त्याच दुपारी त्यांनी आपल्या कारखान्यातून बरणी आणून दिली. तिच्यावर चिठ्ठी होती, ठळक अक्षरांत: कुलूपराव. ताईने झाकण उघडलं, वास घेतला आणि पदराने डोळे पुसले.

घरी आल्यावर तिने बरणी दुधाशेजारी ठेवली. फ्रिजचं दार लावलं नाही. उघडंच धरून उभी राहिली. मी म्हणणार होते की गारवा जातोय. तेवढ्यात ती आत बघून म्हणाली,

"अहो, ऐकलंत का? सगळ्यांनी चोरलं तुम्हाला."