अक्काचं 'स्वल्प'

आमच्या घराण्याची मराठी तीनशे वर्षांपूर्वी इथे कन्नड मुलुखात आली आणि कन्नडच्या शेजाराने मजेत बिघडली. माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं, तर एकाच कन्नड शब्दावर भागतं: स्वल्प. म्हणजे थोडंसं. नवऱ्याशी 'स्वल्प बोलाचाली' झाली, तेव्हा भावजी आठवडाभर मारतहळ्ळीला भावाकडे राहिले होते.

हीच अक्का जयनगरच्या घरी एक जिना चढली की पायरीवर बसायला लागली. पाळी आली की बारा-बारा दिवस जाईना. विचारलं की म्हणे, "अगं, वयच आहे. विझताना दिवा मोठा होतो!" आजाराचं निदान अक्काने घरीच करून टाकलेलं. मला मात्र तिचे पांढरट ओठ बघून धास्ती वाटायची. शेवटी साड्यांच्या सेलला जाऊ म्हणून तिला ऑटोत बसवलं आणि स्त्रीरोगतज्ज्ञांच्या दारात उतरवलं. वाटेत तिने दोन साड्यांचे रंगसुद्धा ठरवून ठेवले होते.

डॉक्टरबाईंनी कन्नडमध्ये विचारलं, "ब्लीडिंग जास्तीना?"

"स्वल्प," अक्का म्हणाली.

बाई तसंच लिहू लागल्या.

"डॉक्टर," मी म्हटलं, "हिच्या लग्नाला स्वल्प माणसं होती. आठशे."

अक्काने टेबलाखालून मला चिमटा काढला. बाई हसल्या, लिहिलेलं खोडलं आणि जास्ती-कमी विचारणं सोडूनच दिलं. पॅड किती तासांनी बदलता? रक्ताच्या गुठळ्या पडतात? डाग दिसू नये म्हणून गडद साडी नेसता? अक्का चाचरत सांगू लागली. दर तासाला पॅड. गुठळ्या, हो. गडद साडी तर अंगावरच होती.

रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. गर्भाशयात फायब्रॉइडची गाठ निघाली, उपचाराने आटोक्यात येईल अशी. हिमोग्लोबिन मात्र सहा, हवं त्याच्या निम्मं.

"एवढ्यावर तुम्ही घर कसं चालवत होतात?" बाईंनी विचारलं.

अक्का माझ्याकडे वळली. मग मराठीत, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "म्हणजे मी आळशी झाले नव्हते."

वर्षभर घरात सगळे तिला आळशी म्हणत होते. पहिल्यांदा मीच म्हटलं होतं, थट्टेत.