साबणावरचे तीन ओरखडे

नागपूर विमानतळाच्या काचेबाहेर उभे राहून बाबांनी मला फोन लावला. मी आत, ते बाहेर, मधे दहा पावलं. "तिथं शिक्षण किती ते आपणहून सांगू नको," म्हणाले, "आणि कोणी विचारलं तर खोटं पण बोलू नको." नववीत शाळा सोडून मी त्यांच्या शेजारच्या लेथवर उभा राहिलो होतो. माझी बायको सुनीता नर्स. ती वर्षभर आधीच इंग्लंडमध्ये लेस्टरला आली होती, आणि तिच्या व्हिसावर मी आलो. हे मी कधी विसरत नाही.

तिकडे पंपाचे शाफ्ट कातायचो. इथे एका छोट्या वर्कशॉपमध्ये बर्फात भोक पाडणाऱ्या ड्रिलची डोकी बनवतो. पोकळ नळी, तोंडाशी तीन पाती. पाती गोल कापत खाली जातात आणि नळीत बर्फाचा दांडा उरतो, त्याला कोअर म्हणतात. अंटार्क्टिकाच्या कोअरमध्ये हजारो वर्षांपूर्वीची हवा बुडबुड्यांत अडकलेली असते, असं मालक गॅरीने पहिल्याच आठवड्यात सांगितलं. तेव्हापासून मला तिथे जायचं होतं. तिथल्या मोहिमेत ड्रिल सांभाळायला माणूस हवाय असं कळलं तेव्हा घरी न सांगता फॉर्म भरला. दोन ओळींचा पोलाइट ईमेल आला, योग्य सर्टिफिकेट नाही.

गेली रेवा. इथल्याच स्लाऊत जन्मलेली, आजोबा आपल्याच नागपूरचे, बर्फावर पीएचडी करते. जाण्याआधी पाती बसवायला शिकायला तीन दिवस माझ्याकडेच आली. "जय भीम, काका. तिकडचा बर्फ इतका जुना असतो ना, हात लावायला पण भीती वाटते." ब्रेकमध्ये किटल तीच लावायची, माझ्यासाठी बिस्किटं आणायची. वाईट वागली असती तर सोपं गेलं असतं. मोहिमेसाठी मिळालेल्या तिच्या लाल जाकिटाकडे पाठ करून मी काम करायचो.

मॅन्युअलमधलं सगळं शिकवलं. एक गोष्ट सोडून. पात्यांची उंची मोजणारा गेज बरोबर दाखवत असला तरी पात्याखाली बारीक कण अडकला की एक पातं केसभर वर राहतं आणि कोअर तुटत येतो. म्हणून मी ड्रिलचं डोकं साबणाच्या वडीवर हाताने फिरवून बघतो. तीन ओरखडे सारखे उठले पाहिजेत. हे कुठल्या पुस्तकात नाही. एवढं एक तरी माझं असू दे, म्हटलं.

डिसेंबरात एका रविवारी मी कुकर लावत होतो, तेव्हा तिचा सॅटेलाइट फोन आला. "काका, चार दिवस कोअरचे तुकडेच येतायत. गेज तर ओके आहे. उद्यापर्यंत नीट नाही झालं तर हे होल सोडून देणार म्हणतात. माझंच काहीतरी चुकतंय ना?"

ऐकून आधी बरं वाटलं. खरं तेच लिहितो. मग ते 'माझंच' कानात अडकून बसलं. कुठेही काही बिघडलं की मीही पहिलं हेच म्हणतो.

"तिथे साबण आहे?" विचारलं, आणि सगळं सांगितलं.

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुझा हेवा वाटला."

ती म्हणाली, "ओके. साबण कुठलाही चालेल?"

"कोरडा घे."

दोन दिवसांनी फोटो आला. तिच्या उंचीचा अखंड कोअर, काचेसारखा. सुनीताला तो दाखवताना फॉर्मपासूनचं सगळं बोलून टाकलं. ती रागवेल असं वाटलं होतं.

"मला पण तुमचा हेवा वाटायचा," ती म्हणाली.

"माझा? कशाचा?"

"मी आधी आले त्या वर्षी. मी इथे खोक्याएवढ्या बॉक्स रूममध्ये एकटी. कॉल लावला की तुमच्या मागे आई ओरडतायत, कोणाचं भांडण, कोणी हसतंय. तुम्ही वैतागून म्हणायचात, थांब, काही ऐकू येत नाहीये. मी फोन ठेवून रडत बसायचे."

ते अख्खं वर्ष मी मागे राहिलो म्हणून कुढत काढलं होतं. तिकडे नागपुरात राहिलेल्यांनो, आमचे फोटो बघून तुम्हालाही तसंच होत असेल. रेवाचा हेवा माझा अजून गेलेला नाही, पुढच्या वर्षीही फॉर्म भरणार आहे. पण घर कशाला म्हणतात ते आता कळतंय. ज्या गोंगाटात मला फोनवरचं काही ऐकू यायचं नाही, तोच ऐकायला पलीकडून कोणीतरी फोन करत होतं.