आतली नळी

सांगलीच्या विश्रामबागेत आमचं सर्जिकल सामानाचं दुकान आहे. अब्बांनी सुरू केलं, आता मी चालवते, आणि अब्बा गल्ल्यामागच्या खुर्चीत बसून माझ्या चुका काढतात. कमरेचे पट्टे, काठ्या, लघवीच्या पिशव्या, पोटाला लावायच्या पिशव्या, गळ्यातल्या नळ्या. ज्या वस्तू मागताना माणसाचा आवाज आपोआप खाली येतो, त्या आम्ही विकतो. गावाकडचे पेशंट इकडे येऊन मोठी ऑपरेशनं करून जातात आणि मग जन्मभर त्यांना काही ना काही लागत राहतं. ते तालुक्याला मिळत नाही. म्हणून आमचा अर्धा धंदा पोस्टावर चालतो.

पार्सलवर आत काय आहे ते लिहायचं नाही, हा अब्बांचा नियम. दुकानाचं पूर्ण नावही नाही, नुसती आद्याक्षरं आणि पिन कोड. फार वर्षांपूर्वी खटाव तालुक्यातल्या एका बाईच्या पार्सलवर त्यांनी सरळपणे लिहिलं होतं, पोटाच्या पिशव्या. पार्सल गावातून फिरत फिरत तिच्या घरी गेलं. पुढच्या खेपेला ती स्वतः आली आणि म्हणाली, आता माझ्या हातचं पाणी कोणी पीत नाही. तेव्हापासून आमचं पार्सल म्हणजे खाकी कागदातला कोरा खोका. आत शर्ट असेल, नाहीतर मुलांची पुस्तकं असतील, असं वाटावं.

पूर्वी पार्सल गेलं की ते देवाच्या नाहीतर अल्लाच्या हवाली असायचं. पोचपावतीचं कार्ड कधीतरी परत यायचं, त्यावर कोणाचा तरी अंगठा. अंगठा कोणाचा, ते त्या अंगठ्यालाच माहीत. म्हणून अब्बांनी मिस कॉलची रीत पाडली. वस्तू हातात आली, उघडली, लावून बघितली, नीट बसली की दोन रिंगा द्यायच्या आणि ठेवायचं. पैसे जात नाहीत, बोलावं लागत नाही. आमच्या निम्म्या गिऱ्हाइकांना तर गळ्यातल्या नळीमुळे बोलताच येत नाही.

मग पोस्ट सुधारलं. मी टोमणा मारत नाही, खरंच सुधारलं. आम्हाला धंदेवाल्यांचं खातं मिळालं. दुपारी त्यांचा माणूस दुकानात येऊन पार्सलं घेऊन जातो. प्रत्येकावर रेघांचं स्टिकर, आणि फोनवर पार्सलचा सगळा प्रवास. सांगलीहून निघालं, कराडला पोचलं, बटवड्याला बाहेर पडलं. घेणाऱ्याच्या फोनवर कोड येतो, तो सांगितल्याशिवाय पार्सल हातात पडत नाही, आणि पडलं की आमच्याकडे हिरवी खूण उमटते. मला त्या खुणेचं वेड लागलं होतं. चहा पिताना मी ओळीनं हिरव्या खुणा बघत बसायची आणि अब्बांना चिडवायची, "आता तुमच्या मिस कॉलला पेन्शन द्या."

अब्बा म्हणायचे, "पोस्टानं पोचवलं ते कळलं. त्यानं लावलं का, ते कुठं कळतंय?"

कोयनानगरच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे. तिथले एक निवृत्त फौजी आमचे गिऱ्हाईक. घशाचं ऑपरेशन झालं आणि गळ्याला भोक पडलं. त्यात जर्मन सिल्व्हरची नळी, श्वास तिच्यातूनच. ती खरं तर दोन नळ्यांची असते, एकीत एक. बाहेरची गळ्यातच राहते. आतली रोज काढायची, उकळत्या पाण्यात धुवायची, परत घालायची. कफ धरतो तो आतलीत. आतली नसली तर कफ बाहेरचीत साठतो, वाळतो, आणि ती काही घरी काढता येत नाही. एवढं समजलं की पुढचं सगळं समजतं.

पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा गळ्यात मफलर आणि हातात पोरांची पाटी. मी विचारलं, "काका, काही त्रास?" त्यांनी पाटीवर लिहिलं, "बायकोशी भांडताना खडू संपतो." बायको शेजारीच उभी होती. ती पदर तोंडाला लावून हसली. मीही हसले. अब्बांनी त्या दिवशी त्यांना नळी साफ करायचा ब्रश तसाच दिला, जो ते सख्ख्या भावालाही फुकट देणार नाहीत.

गेल्या पावसाळ्यात त्यांचा फोटो आला. आतली नळी, मधोमध चिरलेली. खाली लिहिलेलं, "धुताना दगडावर पडली. लवकर पाठवा." मी नळीचा नंबर दोनदा ताडून पाहिला आणि त्याच दुपारी पार्सल दिलं. कराड, पाटण, सगळं वेळेवर. मग हिरवी खूण. मी अब्बांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून बघितली आणि विचारलं, "दोन रिंगा?"

आल्या नव्हत्या. त्या दिवशी नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत, पुढचे दोन दिवसही नाहीत. फोन लावला तर संपर्क क्षेत्राच्या बाहेर. फौजी माणूस, इतकी वर्षं कधी चुकला नव्हता. मी पोस्टात गेले. खिडकीतल्या मुलानं बिचाऱ्यानं मनापासून बघितलं. "मॅडम, कोड बरोबर दिलाय. कोड घेतल्याशिवाय देतच नाहीत." त्याचं खरं होतं. पुढेही सगळ्यांचंच खरं निघालं, आणि त्याचाच मला अजून संताप येतो.

दुकानात परत आले तर अब्बांनी माझी छत्री काढून ठेवलेली. आतली एक जादा नळी खिशात घातली आणि मी कराडची एसटी धरली.

कराडहून पाटण, पाटणहून कोयनानगर, आणि तिथून वर जाणारी एक गाडी. पाऊस असा की काचेतून वळण दिसत नव्हतं, कंडक्टर ड्रायव्हरला तोंडानं सांगत होता. त्यानं एका वळणावर उतरवलं. तिथं पत्र्याची टपरी, चहा, बिस्किटं, आणि भिंतीवर खिळ्यांची रांग. प्रत्येक खिळ्याला एक प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत एक फोन. वरच्या वाडीत रेंज नाही. अख्ख्या त्या डोंगरात रेंज येते ती या वळणावर, तीही पावसाची मर्जी असेल तर. म्हणून वाडीचे फोन इथंच टांगलेले. टपरीवाले म्हातारे कोणाचा फोन आला की उचलतात, निरोप ठेवतात, वर जाणाऱ्याच्या हाती धाडतात. पोस्टमनही इथंच थांबतो, कारण त्याच्या फोनलाही रेंज इथंच. पिशवीतल्या फोनवर कोड येतो, म्हातारे वाचून दाखवतात, पार्सल घेतात. नियमात एका अक्षराचीही चूक नाही.

मी फौजींचं घर विचारलं. म्हाताऱ्यांनी चहाचं भांडं खाली ठेवलं.

"आवं ताई, फौजी गेलं की. परवा."

मी बाकावर बसले.

"धापच लागली," ते म्हणाले. "आंबुलन्स बोलवायला पोरगं हितवर पळत आलं, तर रेंज न्हाई. खाली कोयनानगराला गेलं. गाडी आली तवा निम्म्या वाटंत दरड. त्यांच्या घरात तर आदीच सुतक, थोरल्या भावाची बायकू वारल्याली. सुतकात सुतक. लय वंगाळ झालं."

मग त्यांना काहीतरी आठवलं. ते आत गेले आणि देव्हाऱ्याच्या फळीवरून एक पार्सल काढून आणलं. वरून खताच्या पिशवीचं प्लास्टिक गुंडाळून दोऱ्यानं बांधलेलं, पावसाचा थेंब लागू नये म्हणून. प्लास्टिकमधून माझं अक्षर दिसत होतं.

"तुमचंच का हे? म्या राखून ठेवलं हुतं. सुतकाच्या घरात नवी वस्तू न्हेऊ न्हाई, ताई. कापड असंल, काय असंल, तेरावं झालं की देऊ म्हणलं. आता काय, घिऊन जावा माघारी." आणि मग, माझ्या तोंडाकडे बघत, "काय हुतं त्यात?"

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. त्या फळीवर पार्सल किती दिवस बसून होतं, आणि घर तिथून एका चढावर. त्यांना गदागदा हलवावं असं वाटलं. पण त्यांनी ते देवाशेजारी ठेवलं होतं. मी पार्सल उचललं आणि वर निघाले.

घराच्या पायरीशी बायका बसल्या होत्या. फौजींच्या बायकोनं, काकूंनी, मला लांबूनच ओळखलं. माझ्या हातातलं पार्सल बघितलं, त्यावरचं प्लास्टिक बघितलं, आणि त्यांना विचारावं लागलं नाही. टपरीवरचं प्लास्टिक वाडीत सगळ्यांच्या ओळखीचं.

त्या मला गोठ्याकडे घेऊन गेल्या. "आलं हुतं व्हय," एवढंच म्हणाल्या. मग सांगायला लागल्या. पार्सल निघाल्यापासून फौजी रोज वळणावर जायचे, फोन बघून यायचे आणि पाटीवर लिहून दाखवायचे. कराड. पाटण. पोरासारखे खूश. मग जाऊ वारली आणि घरातून पाऊल बाहेर पडेना. काकू म्हणाल्या होत्या, खाली दवाखान्यात जाऊन दाखवू. त्यांनी मान हलवली होती. पाटीवर लिहिलं, पाटणपर्यंत आलंय, उद्या येईल, सुतकात कुठं जायचं.

"कुणाला तरी खाली धाडायचं होतंत ना, काकू, विचारायला," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

"कशाला धाडायचं? आलं असतं तर म्हाताऱ्यानं सांजच्याला वर पोचतं केलंच असतं की. मीठ-मिरचीसुदिक ठेवून घेत न्हाई त्यो. आलं न्हाई म्हणूनच धाडलं न्हाई, असं आमी धरून चाललो."

वाडीत आजवर तसंच होत आलं होतं.

काकूंनी गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात हात घातला आणि फडक्याची एक पुरचुंडी माझ्या हातावर ठेवली. "सकाळी राख सावडली. त्यात घावली. दीर म्हणलं, आस्थीत सोडायची का न्हाई? भटजीबी गप बसला. घरात आणायची न्हाई, म्हणून हितं ठेवली. तुमच्या दुकानची हाय, तुमीच न्ह्या."

बाहेरची नळी. काळी पडलेली, गळ्याला बांधायची पट्टी निखळून गेलेली, पण वाक तसाच. मी ती मुठीत धरली आणि मला रडू फुटलं. काकू रडल्या नाहीत. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

निघताना त्या म्हणाल्या, "एक कर, पोरी. त्या म्हाताऱ्याला सांगू नगंस आत काय हुतं ते. त्यांनी दोघांनी एका शाळंत पाटी फोडली. कळलं तर जगायचा न्हाई त्यो."

उतरताना मी देवाला विनवत होते की टपरी बंद असावी. उघडी होती. म्हातारे भिंतीवरचा एक फोन काढून पुसत होते. कोणाचा ते मी विचारलं नाही. त्यांनी माझ्यासाठी चहा ओतला, पैसे घेतले नाहीत, आणि पुन्हा विचारलं, "ताई, सांगितलं न्हाईसा. काय हुतं पार्सलात?"

"शर्ट," मी म्हणाले.

त्यांचे खांदे खाली आले. "बरं झालं बाई. मला आपली रुखरुख लागली हुती. औषीद-बिषीद हुतं का काय, म्हणलं."

मी चहा प्यायले.

सांगलीत पोचले तर अब्बा दुकानातच बसलेले, शटर अर्धं खाली. पार्सल आणि पुरचुंडी काउंटरवर ठेवली. त्यांनी आधी पुरचुंडी सोडली. मग पार्सलवरचं खताचं प्लास्टिक सोडलं, खाकी कागद फाडला, आतली नवी नळी काढली. चकचकीत, माझ्या बोटाचे ठसेही पुसलेले.

त्यांनी ती काळ्या नळीच्या तोंडाशी धरली आणि हलक्या हातानं आत सारली. कुठं अडली नाही. वाकाशी वाक मिळाला आणि ती शेवटपर्यंत जाऊन बसली.

"बरोबर बसतीय," अब्बा म्हणाले. मग त्यांनी खिशातून आपला जुना फोन काढला, फौजींचा नंबर लावला, दोन रिंगा होऊ दिल्या आणि ठेवून दिला.