निरंक बंद झालं त्या पावसाळ्यात

“बघा, सगळ्यांनी बघा! हा गुडघा आहे का भाजलेलं वांगं?”

लोणावळ्याच्या बाजारात, ऐन शनिवारी, दुकानाच्या काउंटरवर डावा पाय ठेवून चाचा ओरडत होते. पायजमा वर खोचलेला, गुडघ्यावर टपोरे फोड, आणि समोर मुंबईची गिऱ्हाइकं. मी दारात उभा, हातात बाटल्यांचं खोकं. त्या बाटल्यांतलं तेल माझं. गुडघेदुखीवरचं. भाजे गावात, घरामागच्या दोन खोल्यांत मी ते उकळतो. रीतसर, परवाना भिंतीला टांगून. चाचा माझ्या वडिलांच्या वेळेपासूनचे दुकानदार. अत्तर, सुरमा, मध आणि माझं तेल. पावसाळ्यात लोहगड उतरलेली मंडळी गुडघे धरूनच बाजारात शिरतात. त्या शनिवार-रविवारांत जे विकलं जातं, त्यावर आमची चूल वर्षभर पेटते.

“चाचा, जरा हळू बोला.”

“हळू? रात्रभर हा पाय माझ्याशी हळू बोलला का?”

एका बाईंनी हातातली माझी बाटली अलगद फळीवर ठेवली आणि त्या निघून गेल्या. त्यांच्यामागे अख्खी रांग गेली. पार खंडाळ्याच्या वळणापर्यंत पोचलेली रांग! बरं, तिघंच होते. पण तिघंही गेले.

चाचांचा पाय असा का झाला, हे सांगायचं तर आधी माझ्या मोठेपणाविषयी सांगावं लागेल. इलाज नाही.

आमच्या धंद्यात औषधांच्या कचेरीला दर महिन्याला अहवाल पाठवावा लागे. तुमच्या तेलाने कुणाला पुरळ आलं का, चक्कर आली का, माल परत आला का. काहीच झालं नसेल तर तसं कळवायचं, आणि त्यासाठीचा सरकारी शब्द म्हणजे निरंक. रकाना कोरा सोडलेला चालायचा नाही. कोरा म्हणजे तुम्ही विसरलात. निरंक म्हणजे तुम्ही छातीवर हात ठेवून सांगताय की काही झालेलं नाही. पुरळ, निरंक. चक्कर, निरंक. मग तिमाहीत त्याची बेरीज, सहामाहीत त्या बेरजेची बेरीज. निरंक अधिक निरंक बरोबर निरंक. ही बेरीजसुद्धा एकदा ‘तपासून पाठवा’ असा शेरा मारून परत आली होती. मी ती तपासली. दोनदा केली. तीच आली.

शेवटी मी निरंकचा रबरी शिक्का करून घेतला. तेल उकळायला सकाळ पुरे, पण शिक्के मारायला दुपार आणि संध्याकाळ. पुढेपुढे तो शब्द माझ्या तोंडातच बसला. माझी बायको वडिवळ्याची. ती चुलीपाशी बसून विचारायची, “डब्यात मीठ हाय का बघा जरा.” मी डबा उघडून सांगायचो, “निरंक.”

“आवं, मानसावानी बोला की!”

आणि मग एके दिवशी फोनवर परिपत्रक आलं. छोट्या उत्पादकांवरचा कागदांचा भार कमी करण्यात येत आहे. यापुढे निरंक अहवाल पाठवू नयेत. काही घडलं तरच, एका पानात कळवावं.

एखाद्या साध्या माणसाने सुटकेचा श्वास टाकला असता. मी पेढे वाटले. अख्ख्या भाज्याला सांगितलं की हा निर्णय माझ्यामुळे झाला. माझ्या अहवालांचे गठ्ठे रचता रचता कचेरीची खिडकी बुजली, कारकुनांना दिवसाढवळ्या दिवे लावावे लागले, एक साहेब तर गठ्ठ्यांमागे सापडेनात, शेवटी त्यांच्या डब्याच्या वासावरून शोधून काढले, तेव्हा कुठे सरकार शरण आलं. मळवली स्टेशनात हे सांगितलं तेव्हा ऐकणाऱ्यांत एक पुण्याचा वकील होता. त्याने विचारलं, “कुठली कचेरी?” मी म्हटलं, “ते गोपनीय आहे.”

बायको म्हणाली, “त्यांनी तुमचं येक तरी पान वाचलंय का कंदी?”

मी तिच्या हातावर आणखी एक पेढा ठेवला.

तर आता माझ्याकडे वेळच वेळ. पूर्वी अहवालांनी मला खोलीत डांबून ठेवलं होतं, आणि त्यात लोकांचं किती भलं होतं हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही, सरकारच्याही नाही. मी दर शनिवारी चाचांच्या दुकानात जाऊन उभा राहू लागलो, गिऱ्हाइकांना मार्गदर्शन करायला. बाटलीवर फक्त ‘हलक्या हाताने चोळा’ एवढंच लिहिलेलं. एवढ्यावर माझ्यासारख्याचं भागतंय होय?

आमच्याकडची जुनी माणसं रुईचं पान तव्यावर चांगलं शेकतात, कातडी जाळणारा चीक सुकवतात आणि मग गुडघ्याला बांधतात. हे मला पक्कं ठाऊक होतं. पण एका शनिवारी दुकानात गर्दी होती, एक मुलगी फोनवर माझं चित्रीकरण करत होती, आणि शेकलेलं पान मला फारच मिळमिळीत वाटलं.

“शेकायचं कशाला?” मी गरजलो. “तेल लावा आणि वर ताजं पान बांधा! चीक गळणारं! रात्रभर! सकाळी विसापूर चढाल आणि लोहगडावरून पळत उतराल!”

लोक हसले. मुंबईत रुई शोधायला कोण जाणार? पण गल्ल्यावर बसून चाचाही ऐकत होते. त्यांचा गुडघा वर्षानुवर्षं दुखतोय. आणि त्यांच्या घरामागे, कुंपणाला लागून, रुईचं दांडगं झाड आहे.

“तूच बोलला होतास ना, चीक गळणारं पान?” चाचांनी पाय काउंटरवरून खाली घेतला. तेवढ्यानेही ते कळवळले.

“बोललो होतो. पण चाचा, तुम्ही घरचे. घरचा माणूस माझं कधीपासून ऐकायला लागला?”

“चुकलो.” त्यांनी फळीवरच्या माझ्या सगळ्या बाटल्या खोक्यात भरल्या. “घेऊन जा. कचेरीवाले ठीक म्हणेपर्यंत माझ्या दुकानात तुझं तेल नाही. बाजारात कुणाच्याच नाही. मी सांगून ठेवणार आहे.”

चाचांनी सांगून ठेवलं म्हणजे संपलंच. घरी आलो, सगळं सांगितलं. बायको म्हणाली, “कळवा कचेरीला.”

“परवाना गेला तर?”

“आन चाचांचा पाय गेला तर?”

बसलो लिहायला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच खरोखर काही घडलं होतं. काय घडलं ते लिहायला अर्जात चारच ओळींची जागा. माझी सुरुवातच ‘लोहगडाच्या पायथ्याशी वसलेले भाजे हे गाव’ अशी झाली, म्हणून पानं जोडली. लेणी आली, धबधबा आला, आमच्या घराण्याचा इतिहास आला. फोडांपर्यंत पोचता पोचता बोटं वाकडी झाली. मग ‘इजेचे स्वरूप’ असा रकाना दिसला, आणि मी काही विचार करायच्या आत हाताने शिक्का उचलून मारला. कचेरीला पाठवूनही दिला.

कचेरीतल्या मॅडमचा फोन आला.

“फोड आलेत ना?”

“आलेत, मॅडम.”

“मग इजेच्या रकान्यात निरंक कसं?”

“हाताची सवय, मॅडम.”

“आणि लेण्यांची माहिती कशाला जोडलीत?”

“परिसराची कल्पना यावी म्हणून.”

“ते दुकान कुठंय ते सांगा. मीच येते.”

मॅडम स्वतः दुकानात आल्या. चाचांचा पाय नीट पाहिला, डॉक्टरांची चिठ्ठी पाहिली, बाटली उलटसुलट करून वाचली.

“यावर पानाबद्दल काहीच नाही. मग पान आलं कुठून?”

“इथून,” म्हणत चाचांनी माझ्या तोंडाकडे बोट दाखवलं.

मॅडमनी तपासणीसाठी बाटल्या सील केल्या. नवा अर्ज पुढे करून त्यांनीच सांगितलं, मी लिहिलं: वापरणाऱ्याच्या गुडघ्याला फोड. तेलावर रुईचे ताजे पान बांधले होते. बाटलीवर तशी सूचना नाही. सल्ला उत्पादकाने तोंडी दिला. बस. केवढा प्रसंग, आणि त्यात लोहगडाचा उल्लेखसुद्धा नाही!

निकाल येईपर्यंत मी घराच्या पायरीवर बसून असायचो. समोरून लंगडणाऱ्या पर्यटकांचे तांडेच्या तांडे जायचे. इतके लंगडे भाज्याने कधी पाहिले नसतील. एकजण तर दोन्ही पायांनी लंगडत होता. आणि माझी मागची खोली बाटल्यांनी भरलेली. रात्री हिशेब टाळण्यासाठी आम्ही दोघं लवकर झोपायचो.

अखेर पत्र आलं. तेलात दोष नाही. विक्री सुरू करावी. ‘तेल लावून वर काहीही बांधू नये’ असं बाटलीवर छापावं. मी ते पत्र घेऊन निघालो, ते सरळ बाजारातच. चाचा गल्ल्यावर होते. गुडघ्यावर नवी कातडी धरलेली. एका अत्तराच्या बाटलीचं बूच बसवत होते.

“चाचा! सुटलो! तेल निर्दोष!” मी पत्र त्यांच्यासमोर नाचवलं. “उद्या शनिवार. मी सकाळीच येऊन उभा राहतो. लोकांच्या मनात शंका राहायला नको, एकेकाला नीट समजावून सांगतो, कसं लावायचं, कधी लावायचं…”

चाचांनी पत्र घेतलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, घडी करून मला परत दिलं.

“माल पाठव,” ते म्हणाले. “तू येऊ नकोस.”