आरशाला लावलेलं कुंकू

आज खंडेनवमी. सकाळी चंदन उगाळत होते. सहाणेवर अर्धंच गंध उतरलं होतं, तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारच्या कोकिळानं हाक मारली. हाक रोजची नव्हती. खोड तसंच सहाणेवर ठेवलं, देवाला हात जोडले आणि गेले.

कोकिळाचे यजमान वामनराव भाऊजी अमडापुरात फवारणीचे पंप दुरुस्त करतात. उरल्या वेळात दुर्बिणी बनवतात. विकतच्या भागांच्या नव्हे, स्वतः काच घासून. दोन जाड गोल काचा एकावर एक ठेवायच्या, मधे पाणी आणि करकरीत पूड, आणि वरची काच पुढेमागे ढकलत राहायची. घासता घासता वरची खोल होते, खालची फुगते. त्या खोल काचेवर मुलामा चढवला की तोच दुर्बिणीचा आरसा. पहिल्यांदा त्यांनी हे समजावलं तेव्हा मी म्हटलं होतं, म्हणजे आमच्या सहाणेसारखंच की. सासूबाईंच्या हातची सहाण आहे, मधे वाटीएवढा खळगा पडलाय. ते म्हणाले, बरोबर वहिनी, फक्त सहाणेत तारे दिसत नाहीत.

एके काळी उंद्रीचे, देऊळघाटचे लोक रविवारी त्यांच्या पडवीत यायचे. लोखंडी ड्रमवर काच बसवून त्याच्याभोवती फिरत घासायचे, गप्पा हाणायचे. कोकिळा चहा करून करून वैतागायची. काचेचं येड, म्हणायची. आता त्यातला एक पुण्याला गेला, तिथून त्यानं तयार दुर्बीण घेतल्याचा फोटो पाठवला. एकाची नजर गेली. बाकीच्यांच्या ग्रुपवर नुसतं सुप्रभात येतं. चंद्र पाहायला माणसं अजून जमतात, पण काच घासायला बसा म्हटलं की सगळ्यांना काम आठवतं. आरशावर चकचकीत मुलामा चढवून देणाऱ्यानंही यंदाचा आरसा परत पाठवताना सांगितलं की त्यानं मशीन विकायला काढलंय. म्हणून भाऊजींनी ठरवलं होतं, ही दुर्बीण शेवटची. कोजागिरीला ती उंद्रीच्या शाळेला द्यायची आणि ड्रम भंगारात.

तर आज सकाळी, सारी हत्यारं पूजेला मांड, असं कोकिळाला सांगून ते कुणाचा तरी पंप पोचवायला गेले. तिनं पाट मांडला. नटबोल्टचे पाने, पकडी, डाग द्यायची कावी ठेवली. आणि सगळ्यांच्या मधे डब्यातून काढून तो नवा आरसा. त्याला तिनं ओलं हळदकुंकू लावलं, वरच्या अंगाला, कपाळाला लावतात तसं.

मी गेले तेव्हा भाऊजी परत आले होते. बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी आरशावर धार धरून सोडत होते. कापूस लावला तर चरे पडतात म्हणून नुसती धार. कुंकू वाहून गेलं, पण कुंकवातल्या चुन्यानं मुलामा खाल्ला होता. अंगठ्याएवढ्या जागेतून आरपार दिसत होतं.

कोकिळा रडत नव्हती, भांडत होती. "तुमीच म्हनले ना, सारे हत्यारं मांड. मंग हे हत्यार नाही तं काय आहे?"

भाऊजींनी धार थांबवली. मग म्हणाले, "लग्न झाल्यापासून तू याले येडच म्हनत आली. हत्यार आजच म्हनली."

मी घरी येऊन वाळलेल्या गंधावर पाणी शिंपडलं आणि उरलेलं उगाळलं. पण देवापुढे बसूनही मन त्या आरशाकडेच. आता नवा मुलामा कोण देणार? शाळेला काय सांगणार?

दिवेलागणीनंतर भाऊजींनी आरसा नळीत बसवला आणि दुर्बीण अंगणात लावली. नवमीचा चंद्र चांगला वर आला होता. त्यांनी पाहिलं, मी पाहिलं. कोकिळा पायरीवरून उठेना. "मी नाही पाहत. मले माझं कुंकूच दिसन."

शेवटी मी तिला हाताला धरून आणलं. तिनं डोळा लावला. चंद्रावरचे खळगे, कडेच्या सावल्या, सगळं जिथल्या तिथं.

"कुठी आहे हो?" तिनं विचारलं.

"नाही दिसत," भाऊजी म्हणाले. "सारी काच मिळून एकच चंद्र दाखवते. एवढीशी जागा गेली तं उजेड जरासा कमी होते, चंद्राले भोक नाही पडत."

मला देवीची आरती आठवली. एखादा आवाज कमी झाला तरी आरती पुरी होते. पण किती आवाज गेल्यावर ती थांबते, हे कोणी सांगावं? भाऊजींच्या पडवीत तर आता एकच उरलाय.

कोकिळा दुर्बिणीपासून हटली नव्हती. तशीच वाकून म्हणाली, "शाळेले हीच द्या. आणि तो ड्रम राहू द्या. दुसरी काच मी घासीन."

"घासशीन तू. मुलामा कोन देईन?"

"ते काच झाल्यावर पाहू. या वहिनी आहेतच. जन्मभर चंदन उगाळून राह्यल्या, हात तं चालतात."

भाऊजी माझ्याकडे पाहून हसले. मी नाही म्हटलं नाही.

उद्या दसरा. तो झाला की भाऊजी चिखलीला काचेच्या दुकानात जाणार आहेत, जाड काचेच्या दोन गोल चकत्या कापून आणायला.