लुन मास्तरांची कार्डं आणि कू आजोबांची कावड

लुन मास्तर आमच्या गावात आले तेव्हा माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. डेन्मार्कचा माणूस, वय एकतीस, आणि उंची एवढी की माडीच्या चौकटीने पहिल्याच दिवशी त्यांच्या कपाळाला टेंगूळ आणलं. खरं नाव येन्स लुंडगोर. ते म्हणायला कुणाची जीभ वळेना, म्हणून लुन मास्तर. आमच्या शेवयांच्या दुकानावरची खोली त्यांनी सहा महिन्यांसाठी घेतली होती. त्याला आता सव्वीस वर्षं झाली.

दक्षिण तैवानातल्या आमच्या या हक्का लोकांच्या गावात तंबाखू, कागदी छत्र्या आणि भांडणं एवढंच पिकतं. यात शिकण्यासारखं काय असणार, असं मला वाटायचं. मास्तरांना मात्र सगळ्याचीच हौस. बाळंतिणीला काय खाऊ घालता, मढं उचलताना सून कुठे उभी राहते, चुलीच्या देवाच्या तोंडाला गोड का लावता! छत्री करणाऱ्यांवर त्यांनी एक पुस्तक लिहिलं, बायकांच्या डोंगरगाण्यांवर दुसरं. तिसरं मोठं होतं, जन्मापासून मरणापर्यंतच्या रीतींचं, आणि ते काही संपेना. त्यांच्या देशातल्या विद्यापीठाने मानाच्या जागेवर बोलावलं, तर यांनी उलट कळवलं की अजून तीन म्हाताऱ्यांशी बोलायचं राहिलंय.

कुणी काही सांगितलं की ते जाड कार्डावर आमच्या चिनी अक्षरांत उतरवायचे आणि वर कोपऱ्यात सांगणाऱ्याचं नाव घालायचे. कोथिंबीर विकणारीचंसुद्धा. तिकडचे पंडित यावरून त्यांची टिंगल करत. मीही एकदा म्हणाले होते, "मास्तर, लोकांना पुस्तकात रीत हवी असते, कोथिंबीरवाली कशाला?"

"वहिनी, रीत काय हवेत तरंगते? कुणीतरी ती पाळतं, म्हणून असते."

कार्डं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत असायची. तिसऱ्या पुस्तकाचा सगळा जीव त्या डब्यांत होता, आणि तो मी घालवला.

झालं असं. वर्ष संपायला आठ दिवस होते आणि मास्तर डोळ्याच्या ऑपरेशनसाठी शहरात गेले होते. मी साफसफाईला माडीवर गेले, तर डब्यांना ओलसर वास आणि दोन कार्डांना कसर. म्हटलं, ऊन देऊ. मुळा वाळवायची सुपं घेतली, कार्डं त्यांत पसरली आणि दारासमोर मांडून ठेवली, कारण ऊन तिथेच येतं. मग गिऱ्हाईक आलं आणि मी कढईशी गुंतले.

आता आमच्याकडे लिहिलेला कागद कुणी पायदळी पडू देत नाही, केरातही टाकत नाही. वर्ष संपताना घरातले जुने लिहिलेले कागद सुपात घालून दाराबाहेर ठेवायचे. कू आजोबा कावड घेऊन येतात, कागद गोळा करतात आणि नदीकाठच्या विटांच्या भट्टीत हात जोडून जाळतात. हे मला शेंबडी असल्यापासून ठाऊक. तरी मीच सुपं दाराबाहेर ठेवली! बाहेर आले तर सुपं रिकामी, एकावर एक नीट रचलेली.

चप्पल न घालता भट्टीपर्यंत धावले. राख गरम होती. काठीने उकरली तर कागदाची एक काळी पापडी वर आली आणि मोडली. कू आजोबांच्या घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "म्हातारा कावड घेऊन कुठेसा गेलाय. तू अशी का दिसतेस गं? कुणी गेलं का?"

"गेलं," मी म्हणाले आणि तिथेच रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसने मास्तर येणार होते. सकाळी मी आमच्या ह्यांच्या फोटोपुढे उदबत्ती लावायला गेले. मिनशोंना जाऊन सहा वर्षं झाली. म्हटलं, निदान त्यांच्यापुढे तरी कबूल करावं. उदबत्तीच्या भांड्याला टेकवून एक कार्ड ठेवलेलं होतं. कोपऱ्यात नाव होतं, चुंग मिनशो.

हे एकच कसं वाचलं? तेवढ्यात दुकानातून हाक आली, "युनम्वे! आज शेवया आहेत की नुसताच उदबत्तीचा धूर?"

कू आजोबा बाकावर बसले होते. मी त्यांच्या अंगावरच गेले. "आजोबा, काय केलंत हो! मास्तरांची कार्डं जाळलीत?"

"जाळीन कशी?" म्हातारा उखडला. "वाचल्याशिवाय मी काही जाळत नाही. प्रत्येकावर माणसाचं नाव! जित्याजागत्या माणसाचं नाव आगीत घालू? उद्या तो मेला म्हणजे?"

"मग राख कसली होती?"

"शाळेच्या वह्यांची."

"आणि कार्डं कुठायत?"

"ज्याची त्याच्या घरी. कालपासून वणवण केली. गेलेल्यांची त्यांच्या फोटोपाशी ठेवली. तुझ्याकडे तेव्हाच ठेवलं, तर तू पाठमोरी, कढईत डोकं घालून बसलेली. आता वाढतेस का?"

मी हसत होते की रडत होते, मलाच कळेना. तीन वाट्या वाढल्या, वर डुकराचं मांस घातलं आणि मग त्यांना मनसोक्त शिव्या दिल्या. त्यांनी त्या खाता खाता ऐकून घेतल्या.

मास्तर आले, एका डोळ्याला पट्टी. मी सुरुवातीपासून सांगायला लागले. "सुपात ठेवली" इथपर्यंत ऐकलं आणि ते खाली बसले. पुढची रीत त्यांना माझ्याइतकीच पाठ होती. चेहरा राखेसारखा झाला. "वहिनी..." एवढंच म्हणाले.

"अहो, पूर्ण ऐका तरी!"

पण सांगायची वेळच आली नाही. दारातून कोथिंबीरवाली कार्ड नाचवत आत आली. "मास्तर, हे काय लिहिलंय? माझ्या नातवाने वाचून दाखवलं. बाळाला अंघोळ तिसऱ्या दिवशी घालतात, चौथ्या नाही. माझं नाव घालून खोटं लिहिता?" तिच्यामागे छत्रीवाला आला, तंबाखूवाल्या दोघी जावा आल्या. जो तो आपलं कार्ड घेऊन भांडायला. मास्तर एका डोळ्याने लिहीत होते आणि दुसरा पट्टीखाली वाहत होता. डॉक्टरांनी रडायचं नाही म्हणून सांगितलं होतं म्हणे.

संध्याकाळपर्यंत डबे भरले. शेवटी मी मिनशोंचं कार्ड दिलं. मास्तरांनी ते वाचलं.

"वहिनी, हे एक मला कधी पडताळून घेता आलं नाही. मिनशो म्हणाले होते, कढईतली पहिली वाटी विकायची नाही, ती घरच्या बायकोने खायची, अशी गावाची रीत. मी बारा दुकानांत विचारलं. कुणालाच माहीत नाही."

मला तरी कुठे माहीत होतं? वीस वर्षं रोज सकाळी ते पहिली वाटी माझ्यापुढे सरकवत. मी म्हणायचे, गिऱ्हाईक खोळंबलंय. ते म्हणायचे, रीत आहे, खा मुकाट्याने. मला वाटायचं, सासूबाईंनी घालून दिली असेल.

"मग खोडून टाकू?" मास्तरांनी विचारलं.

"खोडू नका," मी म्हणाले. "एका घरात होती."