सुगरणीचं अस्सल घरटं

मंडळी, आज लेकीच्या शाळेत पक्ष्यांच्या घरट्यांचं प्रदर्शन होतं. बाकी पालकांनी कापूस-सुतळी चिकटवून भंगार आणलेलं. आपलं काम अस्सल! काल टिटवाळ्याला जाऊन विहिरीवर वाकलेल्या बाभळीवरून सुगरणीचं घरटं कोयत्याने छाटलं आणि गाडीच्या डिकीत टाकलं.

लेक घडाघडा बोलली, "सुगरण घरट्याला खाली लांब नळी विणते. त्यामुळे सापाला पिल्लांपर्यंत पोचता येत नाही."

बाई खूश झाल्या, पहिला नंबर देऊन टाकला. मग कौतुकाने घरटं उचलून हलवलं, तर नळीतून आधी मुंग्या आल्या आणि मागोमाग तीन मेलेली पिल्लं टेबलावर पडली.

लेक रडत माझ्याकडे वळली. "बाबा, साप आलेला का?"

मी म्हटलं, "हो."

खोटं बोललो का, सांगा.